तबकडी

मोटार चालवणाऱ्याच्या नजरेसमोर दोन गोष्टी सतत असतात. एक रस्ता आणि दुसरी तबकडी. रस्ता बाहेरचे जग दाखवतो. तबकडी आपली स्वतःची स्थिती सांगते. वेग किती आहे, पेट्रोल किती उरले आहे, इंजिन किती तापले आहे. रस्त्याकडे आपण डोळे भरून पाहतो, तबकडीकडे मात्र ओझरते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तशीच ही नजर असते. ते आहेत, असतील, त्यांच्याकडे थांबून काय पाहायचे! तबकडीकडे थांबून पाहण्याची वेळ माझ्यावर २०१२ सालच्या उन्हाळ्यात आली. अण्णांनी ती बदलून मागितली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाईच्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे गणित आणि भूमिती शिकवली. १९९६ साली ते निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी मारुती ८०० घेतली. ही मोटार त्यांच्या आयुष्यातली एकमेव चैन होती. पण चैनीच्या वस्तूलाही त्यांनी शिस्त लावली. डॅशबोर्डच्या खणात एक वही असे. पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर आणि त्यावरून काढलेली सरासरी अशी चार रकान्यांत नोंद व्हायची. सोळा वर्षांत तीन वह्या भरल्या होत्या.

त्या वर्षी अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मी पुण्याला बँकेत नोकरी करत होते आणि पंधरवड्याने शनिवार-रविवार वाईला जात असे. आईच्या गुडघ्यांवर साताऱ्याला उपचार चालू होते. आठवड्यातून एकदा अण्णा तिला मोटारीने घेऊन जात. एस. टी.च्या पायऱ्या चढणे तिला जमत नव्हते. त्यामुळे त्या घरात मोटार आता चैन राहिली नव्हती. मोटारीची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर आदल्याच वर्षी तिची तपासणी होऊन आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली होती. अण्णांच्या परवान्याचीही मुदत वर्षभर शिल्लक होती. कागदोपत्री मोटार आणि तिचा मालक दोघेही रस्त्यावर येण्यास योग्य होते.

"मीटरचे आकडे फार पुसट झालेत गं," अण्णा एकदा जेवताना म्हणाले. "उन्हानं उडालेत. जरा मोठ्या आकड्यांची तबकडी मिळाली तर बघशील का पुण्याला?"

आईने मान वर केली नाही. ती ताटात काही नसताना बोटाने भात गोळा करत राहिली. हे मला पुढे आठवले. तेव्हा फक्त दिसले होते.

जेवणानंतर मी मोटारीत जाऊन बसले. तबकडी काळी, आकडे पांढरे. सोळा वर्षांच्या उन्हाने काळ्याचा करडा झाला होता हे खरे. पण आकडे वाचता येत होते. मला तरी येत होते. मी खणातली वही सहज चाळली. पहिल्या पानांवरचे अण्णांचे अक्षर फळ्यावरच्या आकृतीसारखे रेखीव होते. शेवटच्या चार-पाच पानांवर आकडे एकाएकी मोठे झाले होते आणि रकान्याची रेघ ओलांडून शेजारच्या घरात शिरले होते. शेवटच्या तीन नोंदींत किलोमीटरचा रकाना कोरा होता. मी वही मिटली आणि खणात ठेवून दिली. आकडे पुसट झाले आहेत, असेच मी मनाशी ठरवले. असे ठरवल्याने पुढचे काम सोपे झाले: तबकडी बदलायची.

मुळात हे मीटर चालते कसे, हे समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही अण्णांचीच शिकवण. जुन्या मोटारीतले वेगमापक यंत्र विजेवर चालत नसे. गिअरबॉक्सपासून एक लवचिक केबल निघते आणि चाकांच्या गतीच्या प्रमाणात फिरत मीटरच्या पाठीमागे येते. तिथे ती एका लहान चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांना स्पर्श नसतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतही नाही. तरीही चुंबक फिरू लागला की वाटी त्याच्या मागोमाग वळू पाहते. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते तिला ओढतात. वाटीच्या आसाला केसाएवढी बारीक स्प्रिंग जोडलेली असते; ती वाटीला मागे खेचते. पुढे ओढणारा वेग आणि मागे खेचणारी स्प्रिंग यांची जिथे बरोबरी होते, तिथे काटा स्थिरावतो. फिरत्या धातूचा आणि चुंबकाचा हा अदृश्य संबंध आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८२४ साली दिसला होता. त्यामागचे कारण फॅरेडेच्या १८३१ सालच्या प्रयोगांतून उलगडले आणि ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली त्यावरून वेगमापकाचे पेटंट घेतले. पुढे शतकभर जगातल्या असंख्य मोटारी याच युक्तीवर आपला वेग सांगत आल्या.

या सगळ्या यंत्रणेत तबकडीचा भाग किती? काहीच नाही. ती फिरत नाही, ओढत नाही, मोजत नाही. दोन बारीक स्क्रूंवर बसवलेला तो एक रंगवलेला पत्रा. तरी चालवणाऱ्याच्या दृष्टीने सगळे मीटर म्हणजे तीच. मागे कितीही अचूक ओढाताण चालली असली तरी तिचा अर्थ समोरच्या आकड्यांवाचून लागत नाही.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथे जमिनीवर पसरलेल्या गोधड्यांवर जगातले सगळे मोडके सामान मांडलेले असते. नळाच्या तोट्या, कंदील, टेलिफोन, दुर्बिणी. एका पथारीवर भंगारात गेलेल्या मोटारींची मीटरे रांगेने मांडली होती. प्रत्येकात कुणाच्या तरी प्रवासाचा शेवटचा आकडा थांबलेला. आमच्या मोटारीचे मीटर मी घासाघीस करून घेतले. त्याची तबकडी काढून तिच्यावर नवे आकडे चिकटवायचे, म्हणजे मूळ तबकडी सुरक्षित राहील, असा माझा बेत होता.

आकड्यांसाठी रेडियमवाल्याकडे जावे लागले. ज्या दुकानात वाहनांच्या नंबरपाट्या आणि "आईची कृपा" अशी अक्षरे कापून मिळतात, त्या दुकानाला आपल्याकडे रेडियमचे दुकान म्हणतात. दुकानातल्या मुलाने तबकडी स्कॅन केली आणि संगणकाच्या पडद्यावर मोठी करून माझ्यापुढे धरली.

"ताई, बॅकग्राउंडला ज्वाळा टाकू?"

"नको. पांढरं राहू दे. आकडे काळे."

"मग स्पीड तरी वाढवू या. एकशे चाळीस काय ठेवता! दोनशे वीस करून देतो. तेवढ्याच पैशात."

मला हसू आले. त्याचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. बरेच जण तसे करून घेतात, असे तो म्हणाला. मोटार आहे तेवढीच पळते. पण काट्यापुढे बरीच मोकळी जागा शिल्लक दिसली की चालवणाऱ्याला बरे वाटते. मी त्याला समजावले की आकड्यांचा आकार वाढवायचा आहे, त्यांची जागा तसूभरही हलवायची नाही. शून्यापासून वीसपर्यंत जेवढा कोन आहे, तेवढाच राहिला पाहिजे. तो सरकला तर मीटर खोटे बोलू लागेल. मधले बारीक आकडे गाळून फक्त वीस, चाळीस, साठ असे ठळक आकडे ठेवले. पेट्रोलच्या आणि तापमानाच्या खुणाही जाड केल्या. पांढरा पापुद्रा असा निवडला की मागच्या दिव्याचा उजेड त्यातून झिरपावा. किलोमीटरची चाके दिसतात ती खिडकी मुलाने धारदार पात्याने कापून दिली. मुखपृष्ठ बदलले तरी ती चाके जुनीच राहणार होती. मोटार जितकी चालली आहे तितकी चालली आहे. तो आकडा बदलणे ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी वाईच्या अंगणात मी काम सुरू केले. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार सोडवली. मीटरभोवतीची चौकट सैल केली. हात मागे घालून केबलची खिट्टी दाबली, तारांचे जोड काढले आणि मीटर अलगद बाहेर घेतले. पारदर्शक झाकण निघाल्यावर काटे पहिल्यांदाच उघड्यावर आले. ते किती नाजूक असतात हे काचेआडून कळत नाही. वेगाचा काटा आसावर नुसता दाबून बसवलेला असतो. तबकडीला चरा पडू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, दोन चमचे दोन्ही बाजूंनी काट्याखाली सरकवून मी तो सारख्या जोराने वर उचलला. चमचे आईने दिले होते, तेही "परत धुवून द्यायचे" या बोलीवर. नवी तबकडी बसवली, काटा बरोबर शून्यावर ठेवून दाबला, झाकण लावले.

"झालं?" अण्णांनी विचारले.

"झालं. बघा."

ते मोटारीत बसले. पांढऱ्याशुभ्र तबकडीवरचे जाड काळे आकडे मला अंगणातूनही वाचता येत होते. अण्णांनी मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. समोरच्या वस्तूकडे पाहताना माणूस मान सरळ ठेवतो. ते तबकडीकडे कडेने पाहत होते.

"छान झालंय," ते म्हणाले. "पण बरोबर आहे का, ते तपासायला हवं."

तपासण्याची रीत त्यांनीच सांगितली, आणि ती त्यांच्या वर्गातल्या गणितासारखी होती. ताशी साठ किलोमीटर वेगाने एक किलोमीटरला साठ सेकंद लागतात. मीटरवर साठचा काटा स्थिर ठेवायचा आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागतात, ते मोजायचे. दुपारी आम्ही वाई–पाचवड रस्त्याला लागलो. "आज तूच चालव," अण्णा म्हणाले. "मी दगड पाहतो आणि वेळ घेतो." त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरले.

काटा साठवर आणला. हिरव्या डोक्याचा दगड डावीकडून मागे गेला. अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "दगड गेला का?"

"गेला."

"असं कर, दगड तूच सांग. मी फक्त मोजतो."

पुढच्या दगडाला मी "आता" म्हटले, त्याच्या पुढच्यालाही "आता" म्हटले. "बहात्तर," अण्णा म्हणाले. म्हणजे खरा वेग ताशी पन्नास. मग काटा चाळीसवर ठेवून तीच चाचणी केली. "एकशे वीस." म्हणजे ताशी तीस.

या दुसऱ्या खेपेला मी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. घड्याळ त्यांच्या मुठीत होते आणि मूठ मिटलेली होती. डोळेही मिटलेले होते. फक्त ओठ हलत होते.

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत असत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत सोडायची. भरून ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. त्या घड्याळाला काटा नसे आणि तबकडीही नसे. शेजारी बसलेल्या अण्णांकडे पाहून मला त्याची आठवण झाली. मी काही बोलले नाही. रस्त्यावर नजर ठेवून मोटार घराकडे वळवली.

"दोन्हीकडे दहानंच जास्त दाखवतंय," अण्णा वाटेत म्हणाले. "साठला पन्नास, चाळीसला तीस. म्हणजे चूक गुणाकारात नाही, बेरजेत आहे. तुझं शून्यच सरकलंय."

त्यांचा तर्क बरोबर होता. केबल किंवा चुंबक बिघडला असता तर वेगाबरोबर चूकही वाढली असती. शून्य कसे सरकले, हे मात्र संध्याकाळी मोटारीची वायरिंगची कामे करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितले. ते अण्णांचे जुने विद्यार्थी. माझी हकिगत ऐकून त्यांनी फळीवरून एक पडीक मीटर घेतले. त्याचा काटा शून्याजवळच्या एका बारीक खिळीला टेकलेला होता. मिस्त्रींनी तो नखाने उचलून खिळीवरून पलीकडे सोडला. काटा सरसर मागे गेला आणि शून्याच्या बराच खाली, जिथे कुठलाही आकडा नव्हता, तिथे जाऊन थांबला.

"ताई, काटा आपणहून शून्यावर बसत नाही. त्याची खरी जागा खाली असते. स्प्रिंगला थोडा ताण देऊन त्याला शून्यावर अडवून धरलेलं असतं. तुम्ही तो ताण सोडूनच काटा बसवलात. काढायच्या आधी तो खिळीवरून पलीकडे सोडून कुठं थांबतो, तिथं खूण करायची."

त्या मीटरवर ते अंतर साधारण दहा किलोमीटरच्या खुणेएवढेच भरले. मग मिस्त्रींनी माझ्याकडे न पाहता हळूच विचारले, "सर अजून चालवतात का गाडी?"

"का?"

"नाही... परवा चौकात मी हात केला. सरांनी ओळख दाखवली नाही. असं कधी होत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच मोटार घेऊन त्याच रस्त्यावर गेले आणि मोबाइलमधल्या घड्याळावर पुन्हा वेळ घेतली. एकाहत्तर सेकंद आणि एकशे वीस. एका सेकंदाचा फरक आला, तो बहुधा माझ्याच अंगठ्याचा असावा. मिटल्या डोळ्यांनी अण्णांनी मोजलेला काळ खरा होता. रस्त्याकडेला मोटार थांबवून मी बराच वेळ बसून राहिले. आईने शुक्रवारी फोनवर एक वाक्य सांगितले होते, ते आता लख्ख आठवले. "हल्ली मी गाडीत बसले की सारखी बडबडते गं. एस. टी. आली, सायकलवाला आहे, खड्डा आहे. तुझे अण्णा मुळीच रागवत नाहीत."

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय पाहिले, किंवा काय पाहिले नाही, मला सांगता येणार नाही. पण पावलांच्या आवाजावरून त्यांना काही कळले असावे. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. चौकोनांची जाळी छापलेला कागद, भूमितीच्या आलेखासारखा. मध्यभागी एक काळा ठिपका.

"या रेघा तुला सरळ दिसतात?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मला मधल्या रेघा खचलेल्या दिसतात. पाण्यात बुडाल्यासारख्या. आणि ठिपका दिसतच नाही." ते थोडे थांबले. "बत्तीस वर्षं सरळ रेघेची व्याख्या शिकवली."

चार महिन्यांपूर्वीच्या नेत्र तपासणी शिबिरात त्यांना तो कागद मिळाला होता. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजत होता. या विकारात माणूस आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते. दार, झाड, रस्त्याची वळणे सगळे दिसते. पण ज्या गोष्टीकडे रोखून पाहावे, नेमकी तीच नाहीशी होते. अक्षरे, आकडे, समोरच्या माणसाचा चेहरा. चष्म्याचा नंबर बदलून त्यात फरक पडत नाही. म्हणूनच ते तबकडीकडे कडेने पाहत होते आणि म्हणूनच वहीतला रकाना कोरा राहिला होता.

"मग तबकडी कशाला करून घेतलीत?" माझा आवाज नको तितका चढला.

"वाटलं, आकडे मोठे केले तर वर्षभर निघेल. तोवर तुझ्या आईचे गुडघे बरे होतील. आणि वेग मला आवाजावरून कळतोच. पसरणीचा घाट मी काय मीटरकडे बघून चढलो का कधी?"

"घाट कळेल अण्णा. समोरून कुणी आलं तर?"

त्यावर ते बोलले नाहीत. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आई दाराशी येऊन उभी आहे हे मला दिसत होते. अण्णांनाही ते कळले असावे. काही वेळाने त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जाळीच्या कागदावर ठेवली. दोन्ही मिळून माझ्याकडे सरकवली.

मला त्या क्षणी स्वतःचा राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही. वही मीही पाहिली होती. रकान्याबाहेर गेलेले आकडे मलाही दिसले होते. कडेने वळणारी मान, चुकलेला दगड, मिटलेली मूठ. एकेक खूण नीट आकड्यांत मांडल्यासारखी स्पष्ट होती आणि माझे डोळे तर शाबूत होते. तरीही मी रेडियमच्या दुकानात उभी राहून आकडा किती ठळक असावा यावर वाद घालत होते. जे बदलता येत नाही त्याच्याकडे पाहावे लागू नये म्हणून माणूस जे बदलता येते ते बदलत बसतो. तिघांनीही तेच केले. अण्णांनी तबकडी मागितली, मी ती करून आणली, आईने चमचे दिले.

"पण ते मीटर नीट कर," अण्णा म्हणाले. "चुकीचं मीटर गाडीत ठेवू नये. मग ती कुणीही चालवो."

दुपारी मी पुन्हा मीटर उतरवले. काटा काढला आणि शून्याच्या खाली, दहाच्या अंतरावर खूण करून तिथे बसवला. मग नखाने उचलून तो खिळीवरून अलीकडे घेतला. स्प्रिंगचा हलका ताण बोटाला जाणवला. काटा शून्यावर येऊन उभा राहिला. पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसते. आदल्या दिवशीही तो शून्यावरच उभा होता. पण तेव्हा तो नुसता ठेवलेला होता, आज तो तोलून धरलेला होता. अण्णा या चार महिन्यांत कसे उभे होते, याची कल्पना मला त्या काट्यावरून थोडीफार आली.

संध्याकाळी पुन्हा दगड मोजले. साठच्या काट्याला बासष्ट सेकंद. वेगमापकांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा एक नियम आहे, तो मला पुढे वाचायला मिळाला. मीटरने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर ताशी चार किलोमीटर, इथपर्यंत चालतो. म्हणजे यंत्रालाही थोडे चुकण्याची मुभा आहे. पण चूक सावध करणारी हवी, निर्धास्त करणारी नको. आम्ही घरात चार महिने नेमके उलटे मीटर लावून बसलो होतो.

नंतरच्या व्यवस्था सोप्या नव्हत्या. साताऱ्याच्या फेऱ्यांसाठी मिस्त्रींच्या ओळखीचा एक मुलगा आठवड्यातून एकदा मोटार चालवायला येऊ लागला. अण्णा पहिल्या दोन खेपांना गेले नाहीत. डोके दुखते म्हणाले. तिसऱ्या खेपेला तो मुलगा आला नाही आणि मी वाईत होते. मी चालवायला बसले. आई मागे बसली. अण्णा डावीकडचे दार उघडून, सोळा वर्षांत पहिल्यांदाच, त्या बाजूला बसले आणि पट्टा कुठे अडकवायचा ते चाचपत राहिले. मी तो लावून दिला.

पाचवड मागे पडेपर्यंत कुणी बोलले नाही. मग अण्णा समोर पाहत म्हणाले, "पंचावन्न."

तबकडीवर काटा सत्तावन्नाच्या आसपास होता. "जवळजवळ," मी म्हटले.

"मीटर दोनानं जास्त दाखवतं, ते धर की हिशेबात."

मागे आई हसली. एस. टी. येत होती, तिने ते सांगितले नाही.

परतताना पेट्रोल भरले. अण्णांनी सवयीने खणाकडे हात नेला, वही काढली आणि क्षणभर हातातच धरून मग माझ्याकडे दिली. मी तारीख घातली. नव्या तबकडीच्या खिडकीतून जुन्या चाकांवरचा आकडा वाचून दाखवला. लिटर अठरा भरले होते. मागच्या वेळी टाकी भरल्यापासून किती किलोमीटर झाले, ते त्यांनी विचारले. तो आकडा त्या मुलाने पावतीमागे लिहून ठेवला होता, म्हणून सांगता आला. तीनशे सहा.

"सतरा," अण्णा लगेच म्हणाले. "या वयाच्या गाडीला ठीक आहे. लिही."

तीन कोऱ्या जागा तशाच ठेवून मी त्यांच्या ओळीखाली सतरा लिहिले.